गोळी येते चौथ्या महिन्यात, निकाल लागतो चौथ्या आठवड्यात



कापसाचा भाव, वीज, कर्ज आणि पीकविमा सोडून हे पत्रक आज बाळंतपणावर का बोलते, असे काही कार्यकर्ते विचारतील. "हा विषय दवाखान्याचा, नर्सबाईचा. शेतकऱ्याच्या बैठकीत कशाला?" ज्या व्यंगाबद्दल हे लिहितो आहे त्याचे एक मूळ दवाखान्यात आहे, दुसरे रेशनच्या दुकानात आहे आणि तिसरे आपल्याच शेतातल्या तासात आहे. तिन्ही ठिकाणचा कारभार आपल्याला न विचारता ठरतो. म्हणून हा विषय आपला आहे.

गावोगाव बैठकांच्या निमित्ताने फिरताना हे दबक्या आवाजात कानावर येते. अमक्याच्या सुनेला मूल झाले, पण डोक्याला कवटीच नव्हती. बाळ तासाभरात गेले. रातोरात पुरले. पुढे कोणी बोलले नाही. बोलले ते फक्त त्या सुनेला. कुणी तिच्या पायगुणावर घसरले, कुणी तिच्या माहेरावर. हे गप्प बसणे आता पुरे झाले.

हे व्यंग म्हणजे काय?

डॉक्टरांच्या भाषेत याला ॲनेन्सेफली म्हणतात. गर्भ राहिल्यावर अगदी सुरुवातीला बाळाच्या पाठीवर एक पट्टी तयार होते. या पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि एकमेकींना जुळून नळी बनते. ही मज्जानलिका. तिचे वरचे टोक म्हणजे पुढे मेंदू, आणि खालचा भाग म्हणजे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. वरचे टोक मिटले नाही तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटीची छत तयारच होत नाही. असे मूल पोटातच जाते किंवा जन्मल्यावर काही तासांत, फार तर काही दिवसांत जाते. त्यावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. खालचा भाग उघडा राहिला तर त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. ते मूल जगू शकते, पण अनेकांचे पाय लुळे राहतात, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, डोक्यात पाणी साठते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. ही नळी गर्भधारणेपासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटून झालेली असते. पाळी चुकते तेव्हा गर्भ साधारण चौदा दिवसांचा असतो. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात आल्यापासून जेमतेम दोन आठवडे उरतात. बाईला दिवस गेल्याची खात्री होऊन ती सासूला सांगेपर्यंत, सासू नर्सबाईला सांगेपर्यंत, निकाल लागून गेलेला असतो.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात देशभरचे अभ्यास एकत्र केले होते. त्यात मज्जानलिकेच्या व्यंगांचे प्रमाण हजार जन्मांमागे सुमारे साडेचार निघाले. उत्तर प्रदेशातल्या बलरामपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन केलेली पाहणी २००५ साली छापून आली, त्यात हे प्रमाण हजारी साडेसहा ते आठ होते. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त जन्म होतात. हजारी साडेचारने गुणाकार करा. आकडा लाखाच्या घरात जातो. एवढी गुरे एखाद्या रोगाने दगावली असती तर लसीकरणाच्या गाड्या दारात आल्या असत्या.

ग्रहणाला दोष देऊ नका

ग्रहणात बाईने विळी धरली, भाजी चिरली, म्हणून मूल व्यंग घेऊन आले, असे अजून सांगितले जाते. ग्रहण एका घरावर लागत नाही. त्या दिवशी तालुक्यात शेकडो बाया पोटुशा असतात. मग व्यंग एकाच घरी कसे? आणि ज्या बाईला पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण लागले तिच्या बाळाची मज्जानलिका चार महिन्यांपूर्वीच मिटलेली किंवा उघडी राहिलेली असते. सूर्य-चंद्राचा यात काहीही संबंध नाही. त्या सुनेचाही गुन्हा नाही. तिला टाकून दुसरी करणारे, तिच्यावर अंगारे-धुपारे करणारे, हे आपल्यातलेच आहेत. सरकारला जाब विचारायचा तर आधी आपले अंगण झाडले पाहिजे.

शोधाची सुरुवात मुंबईच्या गिरणी कामगार बायांपासून

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. कापड गिरण्यांतल्या गरीब बायांना गरोदरपणात भयंकर रक्तक्षय होत होता. तिने हाफकिन संस्थेत त्यावर काम केले. या बायांच्या आहारातच काहीतरी कमी आहे हे तिने ओळखले. शेवटी मार्माइट नावाच्या, यीस्टपासून केलेल्या साध्या स्वस्त पदार्थाने या बाया बऱ्या झाल्या. १९३१ साली तिने ते जाहीर केले. ज्या गिरण्यांत वऱ्हाड-खानदेशचा कापूस जात होता, त्याच गिरण्यांतल्या मजूर बायांच्या रक्तावरून हा शोध लागला, हे विसरू नका.

तो घटक म्हणजे फोलेट. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला, आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव पडले. कारखान्यात बनवलेल्या फोलेटला फॉलिक ॲसिड म्हणतात. पेशी दुभंगून वाढायची तर हा घटक लागतो, आणि गर्भाच्या पहिल्या महिन्यात पेशी जितक्या झपाट्याने वाढतात तितक्या पुढे कधीच वाढत नाहीत.

१९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतल्या तेहतीस केंद्रांवरच्या चाचणीचा निकाल जाहीर केला. ज्या बायांना आधी असे मूल झाले होते त्यांना दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा पुन्हा तसे मूल होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी हंगेरीतून निकाल आला की आधी असे मूल न झालेल्या बायांमध्येही गोळीमुळे हे व्यंग टळते. १९९९ मध्ये चीनचा निकाल आला. तिथे रोज फक्त ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिली, आणि जिथे हे व्यंग फार होते त्या उत्तर भागात नियमित गोळी घेणाऱ्या बायांत ते जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी झाले. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही अशी चाचणी घेतली होती. म्हणजे दिल्लीला माहीत नव्हते असे कोणी म्हणू नये. तीस वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

पेरणी उलटल्यावर बियाणे

आता आपल्या सरकारची रीत बघा. अनुदानाचे बियाणे तालुक्याला कधी पोचते? पेरणी आटोपल्यावर. खताची रेक कधी लागते? डवरणी झाल्यावर. गोळीचेही तेच. बाई उपकेंद्रात नाव नोंदवते तिसऱ्या महिन्यात. लोह-फॉलिकच्या गोळ्यांचे पाकीट नियमित सुरू होते चौथ्या महिन्यापासून. ती गोळी रक्तवाढीसाठी चांगली आहे, ती जरूर घ्यावी. पण मज्जानलिकेसाठी ती वांझोटी आहे. बोंड गळून पडल्यावर पऱ्हाटीला दिलेला युरिया आणि ही गोळी, दोन्ही सारखीच.

कागदावर सगळे आहे. २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमाच्या सूचनांत लिहिले आहे की मूल होऊ देण्याच्या आधीपासून पहिले तीन महिने बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. मग विचारा आपल्या गावातल्या नव्या सुनेला, लग्नानंतर कोणी येऊन ही गोळी हातात दिली का? आशाताईंना दोष देऊ नका. त्यांना जे पाकीट मिळते तेच त्या वाटतात. दोष आहे तो गर्भ नोंदला गेल्यावरच बाईला ओळखणाऱ्या व्यवस्थेचा. तिच्या वहीत बाई येते ती पोट दिसायला लागल्यावर.

सोळा मायक्रोग्रॅमची मेहरबानी

"गोळी पोचत नसेल तर धान्यातच घालू," असे सरकार म्हणाले. १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत चालवायला मंजुरी दिली. योजना चालो वा थांबो, त्यातला हिशेब आपण मांडून ठेवू, कारण हिशेब आपल्याला कळतो.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोभर पोषणयुक्त तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. सरासरी १०० धरा. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. पाचही किलो हा तांदूळच मिळाला असे धरले, तरी महिन्याचे झाले ५०० मायक्रोग्रॅम. तीस दिवसांनी भागा. दिवसाला सोळा-सतरा. गरज किती? ४००. म्हणजे या तांदळातूनच गरज भागवायची तर बाईने रोज चार किलो तांदूळ खाल्ला पाहिजे!

अमेरिकेने १९९८ पासून गव्हाच्या पिठात फॉलिक ॲसिड घालणे सक्तीचे केले. तिथे किलोला १४०० मायक्रोग्रॅम घालतात, आपल्या चौदापट. तिथे हे व्यंग पाव ते एक तृतीयांशाने घटले. चिलीने २००० साली हाच मार्ग धरला, तिथे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. ज्या ब्रिटनने १९९१ मध्ये जगाला हे सिद्ध करून दाखवले, त्याला स्वतःच्या पिठात ते घालण्याचा कायदा करायला २०२४ उजाडले. तेव्हा आळस ही फक्त दिल्लीची मक्तेदारी नाही. पण चौदापट कमी मात्रा घालून पोषणाचे पोवाडे गाणे, हे मात्र खास आपले.

आपल्या तासातून काय गेले?

आता आपल्या शेताकडे येऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. शंभर ग्रॅम सडलेल्या पांढऱ्या तांदळात फोलेट सुमारे ९ मायक्रोग्रॅम. गव्हाच्या आट्यात सुमारे २९. ज्वारीत सुमारे ३९. तुरीच्या डाळीत १०८ आणि अख्ख्या हरभऱ्यात २०० च्या वर. म्हणजे ज्या ज्वारीला सरकारी कागद वर्षानुवर्षे "भरड धान्य" म्हणून हिणवत आले, ती रेशनच्या तांदळाच्या चौपट आहे.

एके काळी खरिपात ज्वारी, तिच्यात तुरीचे तास, मूग-उडदाच्या ओळी, बांधाला अंबाडी, आणि निंदणाबरोबर घरी येणारी तांदुळजा, पाथरी, घोळ ही रानभाजी, असे शेत होते. ज्वारीला भाव दिला नाही, खरेदी केली नाही. स्वस्त गहू-तांदूळ आणून तिचा बाजार मोडला. मग शेतकरी सोयाबीन आणि सलग कापसाकडे गेला. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याला कर्ज फेडायचे आहे तो नगदी पिकाकडेच जाणार. तणनाशक आले आणि निंदणाची मजुरी वाचली, पण त्याच फवाऱ्यात तांदुळजाही गेला. शेतातून जे गेले ते ताटातूनही गेले.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद केली. २०१८ मध्ये त्याच धान्याला "पौष्टिक तृणधान्य" असे नवे नाव दिले. २०२३ मध्ये भारताच्याच प्रस्तावावरून जगभर तृणधान्य वर्ष साजरे झाले. बारसे तीनदा झाले. पण पूर्ण हमीभावाने भरपूर खरेदी करून ती ज्वारी बारा महिने रेशनवर द्यायची, हे साधे काम राहूनच गेले.

कृषी पदवीधर म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे गोळीची गरज नाही, असा अर्थ कोणी काढू नये. शिजवताना आणि पाणी ओतून देताना फोलेट बरेच नष्ट होते. पोटभर भाकरी, डाळ, पालेभाजी हा पाया आहे. त्यावर गोळी हवीच.

दुसरी गोष्ट, फोलेट एकटे काम करत नाही. त्याला जीवनसत्त्व बी-१२ ची जोड लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांचा अभ्यास केला. तिथे फोलेटची कमतरता फारशी सापडली नाही, पण निम्म्याहून जास्त बायांत बी-१२ कमी निघाले. बी-१२ झाडपाल्यात नसते. ते दूध, अंडी, मासे, मटणात असते. आपण काय करतो? दूध डेअरीच्या कॅनमध्ये, अंडी बाजारात, आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेला उरलेले कालवण. हा हिशेबही आपणच सुधारायचा आहे.

फवारणीबद्दल, खरे तेवढेच

आपल्यातले काही साथी म्हणतात की असे प्रत्येक मूल फवारणीमुळेच होते. विषाबद्दलचा त्यांचा राग मला पटतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. केरळच्या कासरगोडमधल्या मुलांचे हाल देशाने पाहिले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. चीनच्या शांक्सी प्रांतात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मज्जानलिकेचे व्यंग असलेल्या बाळांच्या वारेत एंडोसल्फान आणि डीडीटी गटातली विषे जास्त सापडली. संबंध दिसला आहे. पण कारण पूर्ण सिद्ध झाले असे अजून म्हणता येत नाही. आपण सिद्ध न झालेले छातीठोक बोललो, तर सिद्ध झालेलेही कंपन्या खोटे पाडतील. म्हणून मागणी अशी मांडा: ज्या बाईला दिवस जाऊ शकतात तिला फवारणीच्या शेतात, पंप भरायला आणि औषध कालवायला पाठवू नये. ही सावधगिरी आहे, आणि सावधगिरीला शंभर टक्के पुराव्याची वाट पाहावी लागत नाही.

काळ्या ज्वारीचेही असेच आहे. कणसात पाऊस सापडला की दाणा काळा पडतो, बुरशी धरतो. १९९५ च्या अवकाळी पावसानंतर दख्खनच्या पठारावर बुरशी लागलेली ज्वारी आणि मका खाऊन गावेच्या गावे पोटदुखी-हगवणीने आजारी पडली. पाहणी केलेल्या ५० पैकी २७ गावांत हा आजार सापडला. त्या दाण्यात फ्युमोनिसिन नावाचे बुरशीचे विष होते. हेच विष पेशीत जाणाऱ्या फोलेटची वाट अडवते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. अमेरिकेत टेक्सासच्या सीमेवर १९९० च्या सुमारास मेंदू नसलेल्या बाळांचे जन्म एकाएकी वाढले होते. तिथल्या मका खाणाऱ्या बायांच्या पाहणीत या विषाचा संशय पुढे आला. आपल्याकडे पांढरी ज्वारी बाजारात जाते आणि काळी घरात राहते. तसे करू नका. आणि सरकारने ती काळी ज्वारी खरेदी करून रेशनवर माणसाला खाऊ घालू नये.

घरात काय करायचे?

लग्न ठरले किंवा पाळणा हलवायचे ठरले की त्या दिवसापासून बाईने रोज फॉलिक ॲसिड घ्यावे, तीन महिने पूर्ण होईपर्यंत. आधी असे मूल झाले असेल तर पुन्हा होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. त्या बाईला दहापट मात्रा लागते, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्यानेही धोका वाढतो. गोळी मनाने बंद करू नका, दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला. साखरेचा आजार असेल तरी तसेच. सोनोग्राफीत हे व्यंग तिसऱ्या महिन्याच्या शेवटापासून दिसू शकते, पाचव्या महिन्यापर्यंत तर नक्कीच. मुलगा-मुलगी पाहणे हा गुन्हा आहे, व्यंग पाहणे हा बाईचा हक्क आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, असे गंभीर व्यंग वैद्यकीय मंडळाने मान्य केले तर गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. निर्णय त्या बाईचा. तिच्यावर कोणी जोर करू नये, आणि तिला कोणी नाडूही नये.

आपल्या मागण्या

एक. लग्नाची नोंद होताच प्रत्येक नवविवाहितेला, आणि मूल हवे असलेल्या प्रत्येक बाईला, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ च्या गोळ्या उपकेंद्रातून फुकट मिळाल्या पाहिजेत.

दोन. धान्यात फॉलिक ॲसिड घालायचेच असेल तर उपयोग होईल इतके घाला. सोळा मायक्रोग्रॅमची धूळफेक चालणार नाही.

तीन. ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा यांची हमीभावाने पूर्ण खरेदी करा आणि तीच धान्ये-डाळी आमच्याच जिल्ह्याच्या रेशनवर द्या.

चार. पावसाने काळ्या पडलेल्या ज्वारीची भरपाई द्या, म्हणजे गरिबाला ती खावी लागणार नाही.

पाच. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस फुकट सोनोग्राफी झाली पाहिजे. व्यंग घेऊन जन्मलेल्या किंवा मृत जन्मलेल्या प्रत्येक बाळाची कारणासह नोंद झाली पाहिजे. ज्याची नोंद नाही त्याच्यावर खर्च होत नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने ग्रामसभेचा ठराव घेऊन यावे, आणि ठरावावर बायांच्या सह्या पुरुषांच्या आधी असाव्यात. कापसाला भाव मागताना आपण म्हणतो की घाम आमचा आहे. इथे तर पोटचे मूल आपले आहे. जे व्यंग रोजच्या एका गोळीने बहुतेक वेळा टळते, ते नशीब नव्हे. ती हेळसांड आहे, आणि हेळसांडीचा जाब विचारायचा असतो.